पक्षाच्या नावानं उचललेला भंडारा

आमच्या घरात हळदीचे दोन डबे असायचे. एक चुलीजवळचा, आमटीभाजीचा. दुसरा देव्हाऱ्यातला. त्यातली हळद बिरोबाच्या देवळातून आलेली, तिला हळद म्हणायचं नाही, भंडारा म्हणायचं. कंग्राळीहून लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा नव्या नवलाईत एकदा चुकून भंडाऱ्याचा डबा उघडला आणि चिमूटभर आमटीत टाकली. सासूबाईंनी ती आमटी गाईपुढं नेऊन ठेवली आणि मला एक अक्षर बोलल्या नाहीत. न बोलणं हीच त्यांची शिव्या द्यायची रीत होती. त्या दिवसापासून या दोन डब्यांतला फरक मी कधी विसरले नाही. आमचे हे मात्र एकदा विसरले, आणि त्यांची चूक गाईपुढं ठेवून निस्तरण्यासारखी नव्हती.

आमचं गाव निपाणीपासून चालत जाण्याजोगं. काळी जमीन, तंबाखूचं रान. तंबाखू वाळत पडली की सगळ्या गावाला शिंका येत आणि पाहुणे लवकर उठून जात. राज्य इंग्रजाचं होतं. ह्यांचं शिक्षण इंग्रजी तिसरीपर्यंत झालेलं, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबानं भरपूर. घरची शेती धाकट्या भावावर, माझ्या दिरांवर, सोपवून हे पक्षाच्या कामाला लागले होते. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. लिहून आता करायचं काय? त्यातली माणसं गेली, हेही गेले.

आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, पक्षाची कचेरी होती. कचेरी म्हणजे एक घोंगडं, एक कंदील आणि दारावर निळ्या अक्षरांची पाटी. सकाळ झाली की माणसं यायची. कुणाचा विहिरीच्या पाण्यावरून तंटा, कुणाची सून माहेरी जाऊन बसलेली, कुणाला मामलेदार कचेरीतल्या कारकुनानं चार हेलपाटे घालायला लावलेले. हे सायकलवर धोतराचा सोगा खोचून चिकोडीला जायचे, निपाणीला जायचे, आणि काम करूनच परत यायचे. आल्यागेल्याला चहा आणि जेवणवेळ असेल तर भाकरी. पक्षाची सेवा कुणी किती केली याचा कधी निवाडा झाला असता, तर माझ्या चुलीचा नंबर वरचा लागला असता. मी कुरकुर करायची, हे हसायचे. म्हणायचे, "अगं, एकदा बोर्डात निवडून जाऊ दे, मग रस्ता हुतोय, शाळंला खोली हुतीय. मग बघ."

बोर्डात जायचं हे त्यांचं एकच वेड होतं. जिल्हा लोकल बोर्ड. मागच्या निवडणुकीला पक्षानं दुसऱ्याला उभं केलं, तेव्हा ह्यांनी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. माणसांनी घरोघर होकार दिला, आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी विरुद्ध बाजूच्या इनामदारानं दोन ठिकाणी बकरी कापली. सकाळी होकार सगळे पोटात विरघळून गेले होते. पक्ष आपटला. त्या वेळी बेळगावच्या मोठ्या माणसांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, पुढच्या खेपेला तुम्हीच. तो हात ह्यांच्या पाठीवर पुढची कितीतरी वर्षं तसाच होता.

पुढची खेप जवळ आली तशी ह्यांच्या डोक्यात एक युक्ती आली. माणूस शब्द मोडतो, पण बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाही. आमच्याकडं हे सांगावं लागत नाही. वाटणीचं भांडण कोर्टात सुटलं नाही तर देवळात सुटतं. ताटात भंडाऱ्याची रास घालतात. तळहातावर बेलाचं पान, पानावर चिमूटभर भंडारा घ्यायचा, देवाकडं बघून बोलायचं ते बोलायचं आणि भंडारा कपाळाला लावायचा. त्यानंतर माणूस उपाशी मरेल, पण बोलला त्याच्या बाहेर जाणार नाही. गेला तर घरात पाळणा हलत नाही म्हणतात, गोठ्यात जनावर टिकत नाही म्हणतात. खरं खोटं बिरोबाला ठाऊक. पण तपासून बघायला कुणी तयार नसतं.

एका रविवारी ह्यांनी गावातल्या सगळ्या मतदारांना बिरोबाच्या देवळात बोलावलं. तेव्हा सगळ्यांना मत नसायचं. शेतसारा भरणाऱ्यालाच असायचं. बायकांत मत असलेली मी एकटी, कारण सासूबाईंनी जाताना ओढ्याकडचं त्यांचं रान माझ्या नावावर केलं होतं. म्हणून मीही गेले.

ताट मांडलं गेलं. पुजारी धनगर, म्हातारा, बोलायला कमी. ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, "पक्ष जो माणूस उभा करंल त्यालाच मत. एवढंच म्हणायचं आणि उचलायचा."

माझे चुलतसासरे, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, काठी टेकून पुढंच बसले होते. ते म्हणाले, "तुझंच नाव घे की रं. माणसाला माणूस कळतोय. पक्ष म्हंजे काय ते बिरोबाला काय ठावं?"

सगळे हसले. हेही हसले. पण यांच्या अंगात त्या वेळी तत्त्वाचं वारं भरलेलं. म्हणाले, "न्हाय आप्पा. माणसाच्या नावानं न्हाय. मी आज हाय, उद्या न्हाय. पक्ष ऱ्हाणार."

आणि सगळ्यांत आधी यांनीच पान हातावर घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "घरापासनं सुरुवात हू दे." मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उचलला. मग दीर. मग आप्पा, कुरकुरतच. मग सगळं गाव. देवळाबाहेर आलो तेव्हा सगळ्यांची कपाळं पिवळी, आणि ह्यांचा चेहरा असा की जणू निवडून येऊन गुलाल खेळूनच आले. आजूबाजूच्या गावांतही त्यांनी तसंच केलं. कुठं बिरोबा, कुठं मायाक्का, कुठं खंडोबा. आमचा सगळा भाग त्यांनी पक्षाच्या नावानं बांधून टाकला.

श्रावणात आप्पा गेले. ताप आला आणि गेले, फार हाल झाले नाहीत. ह्यांनी आप्पांना खांदा दिला आणि तेराव्यानंतर पुन्हा सायकल काढली.

मग बेळगावहून पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या निवड समितीचं बोलावणं आलं. मी यांच्यासाठी फेटा धुऊन, खळ घालून, दोघांनी दोन टोकं धरून ताणून वाळवला होता. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं हे गेले. परत आले तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. कुणाशी न बोलता आत आले, फेटा खुंटीवर टांगला आणि घागरीतलं पाणी स्वतःच्या हातानं घेऊन प्याले. ह्यांनी घरात स्वतःच्या हातानं पाणी घेतलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

"सावकाराला दिली," म्हणाले.

सावकार म्हणजे निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. मोठी वखार, मवाळ बोलणं, पक्षात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. वाईट असता तर शिव्या घालायला बरं पडलं असतं.

"का म्हणून?" मी विचारलं.

ह्यांनी समितीतल्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते त्यांना पुढंही पाठ होतं, मरेपर्यंत. समितीतला माणूस हसून म्हणाला होता, "तुमच्या भागाची आम्हाला काळजीच नाही. माणसं तुम्ही भंडाऱ्यानं बांधून ठेवलीत. तिथं कुणालाही उभं केलं तरी तो येणार. सावकारांना मात्र दुसरीकडं कुठं जागा नाही. तुम्ही काय, आमचे घरचेच."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी चुलीपुढं बसून राहिले. आपल्या हातानं कुंपण घातलं, ते इतकं पक्कं घातलं की आपल्यालाच आत शिरायला फट उरली नाही. यांची चूक होती, पण ती चांगुलपणाची चूक होती, आणि तशा चुकीवर रागावताही येत नाही. आपला तो आप्पा, काठी टेकणारा, अक्षरशत्रू, त्याला जे दिसलं ते इंग्रजी तिसरीला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन दारावर चढले आणि पक्षाची पाटी काढली. मोठे खिळे होते, निघता निघेनात. पाटीमागची भिंत तेवढीच पांढरी राहिली होती, कारण दरवर्षी आम्ही पाटीच्या कडेकडेनं सारवत आलो होतो. मग आत येऊन राजीनामा लिहिला. संध्याकाळी दिरांना म्हणाले, "मी स्वतंत्र उभा ऱ्हातोय. अर्ज भरायला उद्या चिकोडीला जाऊ."

दीर माझ्याकडं बघायला लागले. घरात अवघड प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं होतं.

"आणि भंडारा?" मी म्हणाले.

हे म्हणाले, "पक्षानं शबुद मोडला. मग माणसं बी मोकळी झाली."

"भंडारा काय पक्षाच्या हातातनं उचललाता? बिरोबाच्या पुढनं उचललाता."

"तू गप गं."

पण ते बोलणं घरात तसंच राहिलं, जाळ काढून घेतला तरी चूल गरम राहते तसं.

अर्ज भरला गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत खुद्द सावकारच आमच्या दारात आले. सोप्यात घोंगड्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "अण्णा, मी मागितली नव्हती. तुमच्यासाठी माघार घ्यायला मी आजही तयार आहे. पण समितीनं सांगितलं, मी माघार घेतली तर तिसऱ्याला देऊ, पाटी काढणाऱ्याला देणार नाही." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ह्यांनी मला हाक मारून चहा करायला सांगितला. दोघांनी चहा घेतला आणि पावसापाण्याचं बोलले. सावकार गेल्यावर हे म्हणाले, "भला माणूस हाय." आणि मग बराच वेळ पाटीच्या जागी बघत बसले.

हे प्रचाराला बाहेर पडले. दीर बरोबर असायचे, ते घरी येऊन मला सांगायचे. कुठल्याही गावात कुणी वाईट बोललं नाही. उलट आरत्या ओवाळल्या, गूळपाणी दिलं, बैठकीला घोंगडी अंथरली. समितीला शिव्या तर पोटभर दिल्या. आणि मताचं बोलणं निघालं की सगळे एकजात जमिनीकडं बघायचे. एखादा म्हातारा हात जोडायचा. त्यांना कुणी विकत घेतलं असतं तर यांनी मोडून काढलं असतं. कुणी दमदाटी केली असती तर हे उभे राहिले असते. पण ही माणसं यांचाच शब्द पाळत होती. त्यांना तो मोडा म्हणणार कसं?

एक दिवस आमच्या दारातच ते घडलं. गावातला एक शेतकरी, विहिरीच्या भांडणात ह्यांनी ज्याचं पाणी सोडवून दिलं होतं, तो टोपलीभर वांगी घेऊन आला. वांगी ठेवली, बसला आणि उठेना. शेवटी मला म्हणाला, "वैनी, अण्णास्नी तुमीच सांगा. माझ्या रानात पानी हाय ते अण्णामुळं. पर मी लेकराबाळाचा धनी हाय. भंडारा मोडला आनि कायबाय झालं तर म्या कुनाच्या तोंडाकडं बघू?"

हे आतल्या खोलीत होते, सगळं ऐकत होते. बाहेर आले आणि त्याला म्हणाले, "तू मोडू नगोस. मी तुला मोड म्हनलोय काय?" तो माणूस रडायला लागला. मला राग आला. कुणाचा, ते कळेना. त्याचा नाही, ह्यांचा नाही, बिरोबाचा तर नाहीच. समितीचा म्हणावा तर ती बेळगावात सुखानं बसलेली. असा धन्याविना राग अंगात फिरत राहतो आणि शेवटी भांड्यांवर निघतो. त्या महिन्यात माझ्या हातून बऱ्याच भांड्यांना पोचे आले.

दिरांनीच शेवटी तोड काढली. म्हणाले, पुजाऱ्याला विचारू, उचललेला भंडारा खाली ठेवता येतो का. येत असला तर आधी आपल्या गावात ठेवू, मग बाकीच्या गावांचं बघू. हे आधी नको म्हणाले, मग तयार झाले. मी त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडा जीव आलेला बघितला.

रविवारी पुन्हा सगळे देवळात जमले. पुजारी म्हातारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ठिवता येतोय की. ज्यांनी ज्यांनी उचलला त्यांनी समद्यांनी यायचं. पान उलटं धरून भंडारा देवाच्या पायाशी सोडायचा. समदे मोकळे."

देवळात कुजबुज सुरू झाली. विहिरीचा शेतकरी लहान पोरासारखा हसला. मी मनातल्या मनात बिरोबाला नारळ बोलले.

पुजाऱ्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आप्पा?"

आप्पांचा मुलगा, आमचे चुलत दीर, पुढं झाले. म्हणाले, "त्यांच्या वाटणीचा मी ठिवतो."

"तसं हुत न्हाय," पुजारी म्हणाला. "बापाचं रान पोराला मिळतंय, घर मिळतंय. बापाचं इमान बापाबरबर जातंय. एकदम उचलला तर एकदम ठिवायचा. एक कमी पडला तर कुनाचीच सुटका न्हाय."

"मग आता कधीच न्हाय?" ह्यांनी विचारलं.

पुजाऱ्यानं मान हलवली. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण रीत त्यानं केलेली नव्हती, त्याला ती मोडता कशी येणार? सगळे एकेक करून देवळाबाहेर पडले. यांच्याजवळून जाताना प्रत्येकानं मान खाली घातली. आप्पांना पक्ष कधी कळला नाही, भंडारा उचलायला ते तयारही नव्हते, आणि आता त्यांच्याचमुळं सगळं गाव पक्षाशी कायमचं बांधलं गेलं. मला त्या म्हाताऱ्याची एकाएकी इतकी आठवण आली की मी तिथंच पायरीवर बसून रडून घेतलं.

त्यानंतर हे प्रचाराला जायचे, पण मत मागायचे नाहीत. जायचे, बसायचे, शाळेचं, रस्त्याचं बोलायचे, परत यायचे. निवडणुकीत तेव्हा प्रत्येक उमेदवाराला पेटीचा रंग मिळायचा, म्हणजे अडाण्यालाही कळावं. सगळा भाग बांधलेला बघून इनामदारानं या खेपेला कुणाला उभंच केलं नव्हतं; सावकारांना तांबडी पेटी आली आणि ह्यांना पिवळी. निपाणीतली ह्यांची चार तरुण माणसं नाचायला लागली, भंडाऱ्याचा रंग अण्णांना आला म्हणून. मला तर बिरोबानं थट्टाच मांडल्यासारखं वाटलं.

आणि मला मत होतं. बाकीच्या गावाचं काहीही असो, माझं काय? नवऱ्याची पिवळी पेटी आणि देवापुढं दिलेला शब्द तांबड्या पेटीचा. ह्यांनी एकदा तरी विचारावं, अशी मी वाट बघत होते. विचारलं असतं तर भांडले असते. हुकूम केला असता तर कदाचित मानलाही असता आणि पाप त्यांच्या माथी टाकून मोकळी झाले असते. पण हे त्या गोष्टीच्या जवळसुद्धा येत नव्हते. शेवटी एका सकाळी त्यांच्या अंघोळीचं पाणी काढता काढता मीच विचारलं, "मी कुठल्या पेटीत टाकू?"

पाठमोरे होते. तसेच पाठमोरे राहून म्हणाले, "तुझं मत तुझं हाय."

"असं कसं? तुमी सांगा की."

"त्यातलं मी काय सांगू गं?" म्हणाले, आणि तांब्या डोक्यावर उपडा केला.

मतदान गावच्या शाळेत होतं. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातलेले, आणि कुणाच्याच तोंडावर सणाची कळा नाही. हे शाळेपुढच्या चिंचेखाली उभे राहून येणाऱ्याला हात जोडत होते. लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि आत जाऊन त्यांच्या विरुद्ध मत टाकून यायचे. बाहेर आल्यावर पुन्हा नमस्कार करायचे. असली निवडणूक कुणी बघितली नसेल. विरुद्ध पक्षाचा म्हणावा असा माणूसच गावात नव्हता.

माझी पाळी आली. आत पडदा लावलेला, पडद्याआड टेबलावर दोन पेट्या. तिथं तुम्हाला कुणी बघत नाही असं मतदानाच्या साहेबानं मला समजावून सांगितलं. बघत नाही म्हणे. मला तर बिरोबा दिसत होता, सासूबाई दिसत होत्या, काठी टेकलेले आप्पा दिसत होते, आणि बाहेर चिंचेखाली हात जोडून उभा असलेला माझा नवरा दिसत होता. माझी दोन लेकरं घरी जाऊबाईंकडं होती. मी कागद तांबड्या पेटीत टाकला आणि बाहेर आले.

हे माझ्याकडं बघतील म्हणून मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं त्यांचं स्वतःचं नाव पुकारलं. ते आत गेले, चटकन बाहेर आले, आणि पुन्हा चिंचेखाली जाऊन उभे राहिले.

मतमोजणी चिकोडीला मामलेदार कचेरीत. प्रत्येक गावच्या पेट्या वेगवेगळ्या उघडायच्या, सगळ्यांसमोर. त्याच्या आदल्या दिवसापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. हरणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्याचं मला काही नव्हतं. मला भीती वेगळीच. आमच्या गावची पिवळी पेटी उघडतील आणि तिच्यातून एकच कागद निघेल, यांचा स्वतःचा. किंवा दोन, दिरांचा धरून. मग सगळी कचेरी हसेल, बायकोनंसुद्धा मत दिलं नाही म्हणून. हे तिथं ते हसणं ऐकत उभे राहतील. मी यांना म्हणाले, तुम्ही जाऊ नका, भावजींना जाऊ द्या. हेही लगेच घरी थांबायला कबूल झाले. मला तेव्हा तेवढंच बरं वाटलं, पण इतक्या लगेच का थांबले, हे मनात आलं नाही.

दीर दुपार कलल्यावर आले. मागच्या दारानं आले. मी परड्यात लाकडं वेचत होते.

"गेली," म्हणाले. सावकार निवडून आले होते. ते आम्हाला ठाऊकच होतं.

"आणि आपल्या गावची पेटी?"

दिरांनी चप्पल काढली, पुन्हा घातली.

"किती निघाली?" मी विचारलं.

"रिकामी हुती, वैनी."

"म्हंजे?"

"उघडली, उलटी करून आपटली. कायबी न्हाय पडलं. समदी तांबड्यात." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला वाटलंतं, माझं नसलं तरी तुमच्या दोघांचं असंल."

"मला वाटलंतं," मी म्हणाले, "तुमचं आणि त्यांचं असंल."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. कुणाला किती वेळ लागला ठाऊक नाही, पण दोघांनाही एकदमच कळलं. मी हातातली लाकडं तिथंच टाकली आणि आत गेले.

हे सोप्यात घोंगड्यावर बसले होते, भिंतीवरच्या पाटीच्या पांढऱ्या जागेखाली. माझं तोंड बघून त्यांना सगळं समजलं असावं. मी समोर बसले. कितीतरी बोलायचं होतं. घरोघर फिरलात, उन्हातान्हात सायकल मारलीत, पक्ष सोडलात, आणि पडद्याआड जाऊन स्वतःलाच पाडून आलात. माझ्या तोंडून एवढंच आलं, "तुमी बी?"

"पयला मीच उचललाता," म्हणाले.

"मग उभं तरी कशाला ऱ्हायलासा?"

त्यांनी आपल्या तळहाताकडं बघितलं.

"राग आलता गं," म्हणाले. "राग लई आलता. दुसरं काय करू मी?"

दारात कुणीतरी येऊन खाकरलं. विहिरीचा तो शेतकरी होता. मामलेदार कचेरीतल्या कारकुनानं हेलपाटा घालायला लावला, म्हणून अण्णांना विचारायला आला होता. हे उठले, खुंटीवरून फेटा काढला, आणि भावाला सायकल बाहेर काढायला सांगून मला म्हणाले, "त्याला च्या कर."